आयजीबीटी मॉड्यूल बदलूनही ड्राइव्ह पुन्हा उडतो, तेव्हा काय तपासायचं

लिफ्टचा, बूस्टर पंपाचा किंवा एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लोअरचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, उडतो. आतलं आयजीबीटी मॉड्यूल, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या पॉवर ट्रान्झिस्टरांचा ठोकळा, शॉर्ट निघतं, नवीन बसवलं की ड्राइव्ह चालू होतो. मग काही आठवड्यांनी, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात, त्याच ड्राइव्हचं त्याच फेजचं मॉड्यूल पुन्हा शॉर्ट. मुंबईतल्या सोसायट्यांत आणि अंधेरीपासून ठाण्यापर्यंतच्या छोट्या कारखान्यांत ही तक्रार इतकी नेहमीची आहे की ‘हल्ली मॉड्यूलंच हलकी येतात’ असं म्हणून विषय मिटवला जातो. काही मॉड्यूलं खरोखर हलकी असतात, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण दुसऱ्यांदा उडालेल्या मॉड्यूलचं कारण बहुतेक वेळा मॉड्यूलच्या बाहेर असतं: गेट ड्राइव्हच्या (आयजीबीटींना चालू-बंदचा सिग्नल देणाऱ्या सर्किटच्या) कार्डावर, हीट सिंकच्या पृष्ठभागावर, मोटरकडे जाणाऱ्या कॉन्टॅक्टरमध्ये (कॉइलवर चालणाऱ्या मोठ्या स्विचमध्ये) किंवा पॅनेलमधल्या हवेत. ते कारण तसंच राहिलं तर तिसरं मॉड्यूलही जाणार.

खालचं सगळं ४१५ व्होल्ट तीन फेजवर चालणाऱ्या, १२०० व्होल्टची मॉड्यूलं असलेल्या ड्राइव्हना धरून आहे. त्यांच्या डीसी बसवर (मेनच्या एसीचं डीसी करून मॉड्यूलला देणाऱ्या लाइनवर) ५६० ते ५९० व्होल्ट असतात आणि मेन स्विच काढल्यावरही कपॅसिटरांत ते बराच वेळ टिकतात. ड्राइव्हच्या लेबलवर दिलेली वेळ थांबा, ती साधारण ५ ते १५ मिनिटं असते. मग बसच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावून व्होल्टेज ५० च्या खाली आल्याची स्वतः खात्री करा. चार्जचा दिवा विझला एवढ्यावर हात घालू नका.

किती दिवसांनी उडालं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, कारण याच्या उत्तरावर निम्मी वाट ठरते.

चालू करताक्षणी किंवा पहिल्या काही मिनिटांत उडालं, तर गेट ड्राइव्ह बिघडलेला आहे, मोटर किंवा केबल शॉर्ट आहे, नाहीतर मॉड्यूल नकली आहे. काही दिवस ते काही आठवडे चाललं आणि भार आल्यावर गेलं, तर थर्मल पेस्ट, स्क्रूचा टॉर्क, पंखा आणि गेटच्या सप्लायचे छोटे कपॅसिटर बघा. वर्ष-दोन वर्षं नीट चालून गेलं, ड्राइव्ह लिफ्टचा किंवा क्रेनचा असेल, तर तापण्या-थंड होण्याच्या फेऱ्यांनी आलेला थकवा धरा. आणि दर वेळी जून ते सप्टेंबरमध्ये, त्यातही बंद पडून राहिल्यानंतर चालू करताना जात असेल, तर ओलावा.

ड्राइव्हमधली फॉल्ट हिस्टरी रिसेट करण्याआधी लिहून घ्या. वेग घेताना ओव्हरकरंट, थांबताना ओव्हरव्होल्टेज, अर्थ फॉल्ट, हीट सिंक तापमान: यातली कुठली नोंद वारंवार आहे ते कळलं की शोध फार लहान होतो.

उडालेलं मॉड्यूल भंगारात टाकू नका

वरचं प्लास्टिक झाकण काढून जेल बाजूला केलं की चिपा उघड्या दिसतात. हातमोजे घाला आणि आतली सिरॅमिकची पट्टी घासू किंवा फोडू नका. भिंग किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा पुरतो.

चिपच्या मधोमध, बाँड वायर (चिपला जोडणारी बारीक तार) जिथे टेकते तिथे भाजलं असेल आणि काही वायरी सुटून वर आल्या असतील, तर थकवा किंवा मोठा ओव्हरकरंट. चिपच्या कडेला बारीक भोक पडलं असेल तर ओव्हरव्होल्टेज किंवा कडेपर्यंत पोचलेला ओलावा. गेटच्या (आयजीबीटीला चालू-बंद करणाऱ्या टोकाच्या; मुख्य करंट कलेक्टर आणि एमिटर या दोन टोकांमधून जातो) पॅडजवळच ठिपका असेल तर गेटवर जास्त व्होल्टेज आलं. बहुतेक आयजीबीटींच्या गेटची मर्यादा ±२० व्होल्ट असते, स्टॅटिक विजेचा एक झटकाही पुरेसा होतो. चिप पूर्ण वितळून काळी झाली असेल तर त्या जागेवरून काहीच ठरवता येत नाही. अशा वेळी त्याच मॉड्यूलमधल्या न जळलेल्या शेजारच्या चिपा तपासा. त्यांच्या वायरी सैल असतील तर मुळात थकवा होता आणि शॉर्ट नंतर झाला.

जुनं मॉड्यूल हीट सिंकवरून उचलतानाच पेस्टचा ठसा दोन्ही बाजूंना कसा उमटलाय त्याचा फोटो काढा. एका बाजूला जाड थर आणि दुसरीकडे कोरडं धातू, असं दिसलं की कारण बऱ्याचदा हातात आलं.

गेट ड्राइव्ह: नवं मॉड्यूल लावण्याआधी

दुरुस्त केलेल्या ड्राइव्हमध्ये मॉड्यूल पुन्हा उडण्याचं सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे गेट सप्लायवरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. साधारण ४७ ते १०० मायक्रोफॅरड, २५ किंवा ३५ व्होल्टचे. हीट सिंकच्या उबेत ते सुकतात. मीटरवर सप्लाय १५ व्होल्ट दिसतो, पण स्विचिंगच्या वेळी तो १२ च्या खाली बसतो. गेटला पुरेसं व्होल्टेज नसलं की आयजीबीटी अर्धवट चालू राहतो, त्याच्यावरचा व्होल्टेज ड्रॉप वाढतो आणि त्याच करंटला तो जास्त तापतो. निगेटिव्ह बायस (गेट बंद ठेवणारं उणे व्होल्टेज) कोसळला तर उलटं घडतं: फेजचा वरचा (बसच्या पॉझिटिव्हकडचा) आयजीबीटी चालू होताना खालचा (निगेटिव्हकडचा) क्षणभर आपोआप चालू होतो आणि दोघांमधून बस शॉर्ट होते. दोन्ही प्रकारांत मरतं मॉड्यूलच, म्हणून बदललंही तेवढंच जातं.

पाच वर्षांहून जुना ड्राइव्ह असेल तर सहाही गेटांचे (तीन फेज, प्रत्येकी दोन) हे कपॅसिटर १०५ अंशांचे, लो-ईएसआर (कमी अंतर्गत रेझिस्टन्सचे) घेऊन सरसकट बदला. किंमत मॉड्यूलच्या मानाने नगण्य आहे. उडालेल्या फेजचे वरचे-खालचे दोन्ही ऑप्टोकपलर (कंट्रोलचा सिग्नल प्रकाशामार्गे गेटकडे नेणारे आयसी) बदला. एचसीपीएल-३१२०, एचसीपीएल-३१६जे, टीएलपी२५० अशी नावं त्यांवर दिसतील. मॉड्यूल शॉर्ट होताना डीसी बसचं व्होल्टेज गेटमार्गे मागे येतं. ऑप्टोकपलर तेव्हा पूर्ण मेला तर लगेच कळतं, अर्धा मेला तर पुढच्या मॉड्यूलला घेऊन जातो. गेटचे रेझिस्टर, गेट-एमिटरमधला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि झेनर (गेटचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) एकेक काढून मोजा. चांगल्या फेजच्या त्याच जागेशी तुलना करा.

मॉड्यूल न लावता कार्डाला सप्लाय द्या आणि ड्राइव्ह चालवून प्रत्येक गेटचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर बघा. चालूला +१५, बंदला डिझाइनप्रमाणे −५ ते −१५ व्होल्ट, सहाही गेटांवर सारखे. काही ड्राइव्ह मॉड्यूल नसल्याचं ओळखून डिसॅच्युरेशन फॉल्ट (चालू आयजीबीटीवरचं व्होल्टेज जास्त राहिलं की शॉर्टसर्किट समजून दिला जाणारा फॉल्ट) देतात, तेव्हा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे तो तात्पुरता दाबावा लागतो. त्यासाठी लावलेला जंपर नंतर काढायलाच हवा. बहुतेक आयजीबीटी शॉर्टसर्किट जेमतेम १० मायक्रोसेकंद सोसतात आणि तेवढ्या वेळात त्यांना वाचवणारं या संरक्षणाशिवाय दुसरं काही ड्राइव्हमध्ये नसतं. फ्यूज तर त्यामानाने फार उशिरा उडतो. मोजताना डिफरन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधलं व्होल्टेज अर्थशी न जोडता मोजणारा) वापरा. स्कोपची अर्थिंग तोडून मोजणं जीवघेणं आहे.

मॉड्यूलच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टर्मिनलांवर थेट बसवलेला फिल्म कपॅसिटर, म्हणजे स्नबर, एलसीआर मीटरवर (कपॅसिटी मोजणाऱ्या मीटरवर) मोजायला विसरू नका. त्याची कपॅसिटी उतरली की बंद होतानाचं व्होल्टेजचं टोक वाढतं. ५० नॅनोहेन्री इंडक्टन्स आणि मायक्रोसेकंदाला २००० अँपिअर असा बदल धरला तर १०० व्होल्ट वर चढतात. शॉर्टसर्किट तोडताना हा आकडा आणखी मोठा होतो.

नवं मॉड्यूल खरं आहे का?

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, चांगलं मॉड्यूल मिळतं आणि जुन्या ड्राइव्हमधून काढून पुसलेलंही मिळतं. बेसप्लेटवर स्क्रूच्या वॉशरच्या गोल खुणा, भोकांच्या कडेला राहिलेली पांढरी पेस्ट, टर्मिनलांवर ओरखडे, लेसरऐवजी शाईचा शिक्का आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसट होणारी अक्षरं: यातलं एक जरी दिसलं तरी परत करा. अधिकृत वितरकाकडून घेणं महाग पडतं, पण लिफ्टसाठी दुसरा विचारच करू नये असं आमचं मत आहे.

मीटरवर डायोड रेंजमध्ये प्रत्येक स्विचचा एमिटरकडून कलेक्टरकडे ०.३ ते ०.५ व्होल्ट दिसावा, उलट दिशेने काहीच नाही, गेट-एमिटर दोन्ही दिशांनी उघडं. एवढ्याने मॉड्यूल शॉर्ट नाही इतकंच कळतं. पुढची चाचणी जास्त उपयोगी: कलेक्टर-एमिटर तारेने जोडा आणि गेट-एमिटरची कपॅसिटी एलसीआरवर मोजा. लेबलवर १५० अँपिअर लिहून आत ७५ अँपिअरची चिप असेल तर आकडा साधारण निम्मा येतो. डेटाशीटमधली इनपुट कपॅसिटी सहसा कलेक्टरवर २५ व्होल्ट देऊन मोजलेली असते, त्यामुळे तिच्याशी तंतोतंत जुळणार नाही. खात्रीच्या त्याच नंबरच्या मॉड्यूलशी तुलना करा.

मग गेट-एमिटर शॉर्ट ठेवून कलेक्टर-एमिटरवर १००० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर). सहा स्विचांपैकी एकाचा आकडा बाकीच्यांहून खूप कमी असेल तर तो आधीच सोसलेला आहे. शेवटी सगळी टर्मिनलं एकत्र बांधून बेसप्लेटशी मेगर करा.

पेस्ट आणि टॉर्क

थर्मल पेस्ट जितकी जास्त तितकी चांगली, हा समज अजून जात नाही. साध्या पेस्टची उष्णता वाहण्याची क्षमता मीटर-केल्विनला जेमतेम १ वॅट असते, तांब्याची ३९०. पेस्टचं काम फक्त बारीक खड्डे भरण्याचं आहे. ६२ मिलिमीटरच्या नेहमीच्या मॉड्यूलचा तळ साधारण १०६ × ६१ मिलिमीटरचा असतो. त्यावर १०० मायक्रॉनचा थर म्हणजे एकूण ०.६५ मिलिलिटर पेस्ट. मॉड्यूलमध्ये ४०० वॅट तोटा होत असेल तर या थरात सुमारे ६ अंश जातात, ३०० मायक्रॉनला १८. प्रत्यक्षात उष्णता चिपांच्या खालीच एकवटते, त्यामुळे फरक याहून मोठा असतो.

हीट सिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. आधीच्या स्फोटाने त्यावर खड्डा किंवा धातूचा थेंब राहिला असेल तर पेस्ट भरून झाकू नका, मशीन शॉपमध्ये पृष्ठभाग फेस करून (सपाट तासून) घ्या. १०० मिलिमीटर लांबीत ५० मायक्रॉनपेक्षा जास्त खोलगट-उंच नसावा आणि खरखरीतपणा १० मायक्रॉनच्या आत. मॉड्यूलचा तळ मुद्दाम किंचित फुगीर केलेला असतो, त्याला पॉलिश पेपर लावू नका.

पेस्ट स्टेन्सिलने किंवा रबरी रोलरने एकसारखी पसरा. सगळे स्क्रू आधी हलके, अर्धा न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या क्रमाने. पूर्ण टॉर्कही त्याच क्रमाने. एम६ च्या स्क्रूला बहुतेक मॉड्यूलांत ३ ते ५ न्यूटन-मीटर लागतात, पण शेवटचा शब्द डेटाशीटचा. एका कोपऱ्यातला स्क्रू आधी पूर्ण आवळला तर बेसप्लेट वाकते आणि आतलं सिरॅमिक तडकतं. ते लगेच कळत नाही, काही आठवड्यांनी अर्थ फॉल्ट म्हणून समोर येतं. घट्ट पेस्ट पसरायला वेळ घेते, म्हणून अर्ध्या-एक तासाने टॉर्क पुन्हा तपासा. पिना सोल्डर करायचं मॉड्यूल असेल तर कार्ड आधी त्याच्या खुंट्यांना स्क्रूने बसवा आणि सोल्डर नंतर करा, नाहीतर पिनांवर कायमचा ताण राहतो. बसबार ओढूनताणून टर्मिनलावर आणू नका. हे सगळं होईपर्यंत गेट-एमिटर शॉर्टच ठेवा आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा असू द्या.

पहिल्यांदा चालू करताना

२३० व्होल्ट १०० वॅटचे तीन जुने फिलामेंटचे बल्ब एकापुढे एक जोडा. ते कपॅसिटर बँक आणि मॉड्यूल यांच्या मधल्या पॉझिटिव्ह लाइनमध्ये घाला. मेनच्या बाजूला लावले तर उपयोग नाही, कारण काही चुकलं तर कपॅसिटरांतली साठलेली ऊर्जा मॉड्यूल फोडायला पुरेशी असते. मोटर न जोडता ड्राइव्ह चालवा. बल्ब विझलेले राहिले आणि तीनही फेजांचं आउटपुट सारखं आलं तर ठीक. उजळले तर लगेच बंद करा. गेट ड्राइव्हमध्ये अजून दोष आहे, आणि मॉड्यूल शाबूत राहिलेलं आहे.

त्यानंतर मोटर आणि केबल ड्राइव्हपासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा. ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारणं म्हणजे नवं मॉड्यूल हाताने मारणं. ब्रेक रेझिस्टरचे (थांबताना मोटरकडून परत येणारी ऊर्जा जाळणाऱ्या रेझिस्टरचे) ओहम आणि अर्थशी इन्सुलेशनही त्याच वेळी पाहून घ्या. वर्षभराहून जास्त पडून असलेला ड्राइव्ह असेल तर मोठे कपॅसिटर व्हॅरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) काही तास घेऊन हळूहळू चढवा.

लिफ्ट: इथे थकवा मारतो

मॉड्यूलच्या आत वेगवेगळे पदार्थ एकमेकांना चिकटवलेले असतात आणि तापल्यावर प्रत्येक जण आपापल्या मापाने वाढतो. अंशामागे दहा लाखांत सिलिकॉन साधारण ३ भाग, अॅल्युमिना सिरॅमिक ७, तांबं १७, अॅल्युमिनियमची बाँड वायर २३. प्रत्येक फेरीत वायरीच्या मुळाशी आणि सोल्डरच्या थरात थोडी चीर पुढे सरकते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेसिट या संशोधन प्रकल्पाच्या चाचण्यांत, आयुष्य तापमानाच्या चढउताराच्या जवळपास पाचव्या घाताने घटतं असं दिसलं. चिपचा चढउतार ४० वरून ५० अंश झाला की आयुष्य एक तृतीयांश. ३० वर आणला की चौपट. दिवसाला ८०० फेऱ्या मारणारी लिफ्ट वर्षाला २,९२,००० फेऱ्या करते, म्हणून हे दहा अंश फार महत्त्वाचे.

ते दहा अंश कुठून येतात? पहिली जागा कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयजीबीटी सेकंदाला किती वेळा चालू-बंद होतात तो आकडा. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने मोटरच्या शिट्टीची तक्रार केली की कोणीतरी ती ६ किलोहर्ट्झवरून १२ करून जातो. आवाज थांबतो, स्विचिंगचा तोटा दुप्पट होतो. मॅन्युअलमध्ये वाढीव फ्रिक्वेन्सीला ड्राइव्हचा करंट किती उतरवायचा याचा तक्ता असतो. तो न पाहता हा पॅरामीटर बदलू नये. आवाजावर मशीनखाली रबरी पॅड हा जास्त चांगला उपाय आहे.

दुसरी जागा, शून्य वेगावर धरून ठेवण्याचा वेळ. फ्रिक्वेन्सी शून्याजवळ असते तेव्हा एकाच चिपमधून सलग मोठा करंट जातो, तिला विसावा मिळत नाही. ब्रेक उघडण्याची आणि लागण्याची वेळ नीट जुळवा, ब्रेक लागल्यावर ड्राइव्ह विनाकारण सेकंद-दोन सेकंद करंट धरून राहता कामा नये. तिसरी, मशीन रूम. गच्चीवरची खोली एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांवर जाते आणि बऱ्याच ड्राइव्हचं पूर्ण रेटिंग ४० पर्यंतच असतं. एक्झॉस्ट पंखा आणि हीट सिंकच्या पात्यांतली धूळ दर तीन महिन्यांनी बघा. मॉड्यूलमधला एनटीसी सेन्सर सिरॅमिकचं तापमान सांगतो, चिपचं नाही. म्हणून डिस्प्लेवर ७० अंश दिसत असताना चिप ११० ला असू शकते.

लिफ्टची आणखी एक जागा म्हणजे ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामधला कॉन्टॅक्टर. थांबताना आधी ड्राइव्हचा एनेबल (चालण्याची परवानगी देणारा सिग्नल) जायला हवा, करंट शून्य व्हायला हवा, मग कॉन्टॅक्टर उघडायला हवा. उलट क्रम झाला तर प्रत्येक थांब्याला कॉन्टॅक्टरमध्ये ठिणगी आणि मॉड्यूलवर व्होल्टेजचा झटका. कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे-खडबडीत दिसले तर ते बदला, आणि क्रमही तपासा. दोन चॅनेलच्या स्कोपवर एनेबल आणि कॉन्टॅक्टरची कॉइल एकत्र पाहिली की उत्तर लगेच मिळतं. सेफ्टी सर्किट तुटल्यावर मात्र कॉन्टॅक्टर लगेच पडायलाच हवा, त्या मार्गात कुठलाही उशीर घालू नका.

थकलेलं मॉड्यूल उडण्याआधी ओळखता येतं. गेटला १५ व्होल्ट देऊन प्रत्येक स्विचमधून २० अँपिअर सोडा आणि व्होल्टेज ड्रॉप चार तारांनी, मिलिव्होल्टपर्यंत मोजा. नवं असतानाच्या आकड्यापेक्षा ५ टक्के वाढ हा बदलण्याचा मान्य निकष आहे. म्हणून बसवण्याआधीच सहाही आकडे आणि मोजतानाचं तापमान पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा.

पावसाळा आणि एसटीपीची खोली

मॉड्यूलमधलं सिलिकॉन जेल विजेला अडवतं, पाण्याच्या वाफेला नाही. जुलै-ऑगस्टच्या ८० टक्क्यांपलीकडच्या आर्द्रतेत बंद पडलेल्या ड्राइव्हच्या जेलमध्ये ओलावा मुरतो आणि पुन्हा व्होल्टेज आल्यावर चिपच्या कडेचं अॅल्युमिनियम गंजायला लागतं. मॉड्यूलं ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास तपासली जातात. पण जुन्या पद्धतीत त्या वेळी फक्त ८० व्होल्ट दिले जात, नव्या कडक पद्धतीत रेटिंगच्या ८० टक्के. समुद्राजवळच्या किंवा तळघरातल्या पॅनेलसाठी दुसऱ्या चाचणीचा उल्लेख असलेलं मॉड्यूल मिळत असेल तर तेच घ्या.

पॅनेलमध्ये हीटर लावा. तो ड्राइव्ह बंद असतानाही चालू राहील असा, वेगळ्या सप्लायवर. बाहेरच्यापेक्षा आत ५ अंश जास्त राहिले तरी दव धरत नाही. पाणी शिरलं किंवा काही दिवस सप्लाय नव्हता, तर मेन न देता हीटरवर किमान एक रात्र जाऊ द्या.

एसटीपीच्या खोलीत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो जेलमधून सहज आत जातो. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये कॉपर सल्फाइडचे काळे कोंब वाढत जातात आणि एक दिवस दोन्ही पट्ट्या जोडल्या जातात. उघडलेल्या मॉड्यूलमध्ये जेलखालचं तांबं काळं पडलेलं दिसलं, पॅनेलमधले तांब्याचे लग काळे दिसले, तर मॉड्यूलची कंपनी बदलून काही होणार नाही. कार्डावरच्या कोटिंगचाही मॉड्यूलच्या आत उपयोग नाही. ड्राइव्हचं पॅनेल त्या खोलीबाहेर, स्वच्छ हवेत हलवा. केबल वाढेल, ५० मीटरच्या पुढे गेली तर आउटपुट चोक (व्होल्टेजचे झटके मंदावणारी कॉइल) लावा आणि शील्डेड केबल वापरा. हलवणं शक्यच नसेल तर पॅनेल बंद आयपी५४ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारं) करून बाहेरची हवा कार्बन फिल्टरमधून आत दाबाने सोडा, आणि फिल्टर बदलण्याची तारीख दारावर त्या सहा आकड्यांच्या खाली लिहा.